माडाच्या शेंड्यातलं औषध

कुत्री शेजारच्या काकीची होती आणि औषध माझं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि तोवर कुत्री जमिनीखाली गेली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही. काकीने ते नाव नंतर पुन्हा उच्चारलं नाही, मग मी लिहिणारा कोण?

आमच्या वाड्या एकमेकींना लागून आहेत, दिवेआगरच्या अलीकडे. मध्ये कमरेएवढा दगडी गडगा, खाली सुपारी, वर माड. चक्रीवादळात माझे निम्म्याहून जास्त माड आडवे झाले. सुपारीचं तर विचारूच नका. नवी रोपं लावली, पण माड काही आज लावला आणि उद्या नारळ दिला असं करत नाही. उरलेल्या माडांवर सगळी भिस्त, आणि नेमका त्याच माडांच्या शेंड्यांत उंदरांनी संसार थाटला.

माडावरचा उंदीर हे काय प्रकरण असतं ते ज्याच्या वाडीत आहे त्यालाच माहीत. तो खाली उतरतच नाही. उतरेल कशाला? खायला कोवळा नारळ, प्यायला त्यातलंच पाणी, निजायला झावळीची बेचकी. एका माडाची झावळी दुसऱ्या माडाला टेकली की झाला रस्ता. गडगे, हद्दी, सातबारे हे सगळं आपल्यासाठी, वर सगळी वाडी एकच. रोज सकाळी माडाखाली मुठीएवढे नारळ पडलेले असायचे आणि प्रत्येकाला देठाजवळ एक गोल भोक, सुतारालाही जमणार नाही इतकं नीटस. एखादा नारळ धड खाल्ला असता तर मी काही बोललो नसतो. पण दहा उष्टावायचे आणि एकही संपवायचा नाही, याने माझं डोकं फिरलं. त्यात भात कापून झालं होतं, म्हणजे शेतातले उंदीरही वाडीकडे वळायचे दिवस.

माझे नारळ उतरवणारा गडी माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा आहे. तो म्हणाला, "दादा, खोडाला पत्रा मारा. विषाचं काम वाईट."

मी म्हटलं, "पत्रा चढणाऱ्या उंदराला. हे वरूनच उड्या मारतायत, त्यांना पत्र्याचं काय?"

यात माझं काही चुकत नव्हतं. माझं सहसा चुकत नाही, हाच माझा आजार आहे. मी औषधाच्या निळ्या वड्या आणल्या, पाकिटातला कागद चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि गड्याला सांगितलं की दर पाच माडांमागे एका माडाच्या शेंड्यात दोन दोन वड्या सुतळीने बांध. जमिनीवर एक तुकडासुद्धा पडता कामा नये. गुरं आहेत, मांजरं आहेत, काकीची कुत्री आहे. चाळीस फुटांवर ठेवलं की कुणाच्या तोंडाला लागायचा प्रश्नच नाही. तो वर बांधत होता आणि मी खाली उभा राहून, एकही तुकडा पडत नाही ना, ते बघत होतो. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

आमच्याकडे पूर्वी घरात उंदराला औषध घातलं की आजूबाजूला हाक मारून सांगत. "आज मांजर कोंडून ठेवा गो," एवढंच. सगळ्यांना ती सवय होती. मी कुणाला सांगितलं नाही. घरात घातलं असतं तर सांगितलं असतं, अगदी आठवणीने. पण माडावर ठेवलेल्या वस्तूची दवंडी काय पिटायची, असं वाटलं. काकी गडग्यापलीकडे सुपारी वेचत होती आणि कुत्री तिच्या पुढे चार पावलांवर होती. मी तिला "काय काकी, बरं ना?" असं विचारलं आणि घरात जेवायला गेलो.

काकी पासष्टीची. एक मुलगा मुंबईत, एक बाहेरगावी कंपनीत, दोघेही सणापुरते. तिच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेलेली आणि डाव्याची अर्धीमुर्धी. तरी वाडीचं काम तिनं सोडलं नव्हतं, आणि ते तिला त्या कुत्रीमुळे जमत होतं. कुत्री दिसायला काही नव्हती, पिवळट रंगाची, एक कान मोडलेला. पण काकी विहिरीवर निघाली की ती पुढे. काकी सुपारी वेचायला वाकली की आधी ती तिथली पानं हुंगणार. पानांत फुरसं असलं तर ती जागच्या जागी थांबायची आणि एका वेगळ्याच आवाजात भुंकायची, घशातून, तुटक तुटक. काकी पाऊल न उचलता तिथूनच मला हाक मारायची. मी काठी घेऊन गडगा ओलांडायचो. असं निदान तीनदा झालं, आणि तिन्ही वेळा फुरसं निघालं.

फुरशाचं आणि काकीचं जुनं वैर होतं, आणि त्यात आमचं घरही होतं. माझे वडील फुरशावर मूळ उगाळून द्यायचे. लांबलांबून माणसं यायची, अंगणात बसायची, वडील पैसे घेत नसत. काकीच्या नवऱ्याला सुपारी वेचताना हाताला फुरसं चावलं तेव्हा त्याला आमच्याकडेच आणलं. वडिलांनी मूळ दिलं. तीन दिवस दिलं. चौथ्या दिवशी त्याला लघवीतून रक्त यायला लागलं तेव्हा मी गाडी शोधत धावलो. गाडी मिळाली, पण माणूस वाटेत गेला. काकीने आमच्या घराला एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र वडिलांच्या हातातली सहाण काढून घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. त्यानंतर आमच्या अंगणात मूळ उगाळलं गेलं नाही.

तेव्हापासून फुरसं म्हणजे मी, असं गावात झालं. कुणाला चावलं की मला फोन. कुठल्या हॉस्पिटलात लस आहे, कुठे संपली आहे, कुठला रस्ता खोदलेला आहे, सगळं मला पाठ. कोरड्या काचेच्या बाटलीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवायचं, गोठलं नाही तर विष चढलंय, हेही एका डॉक्टरांकडून शिकून घेतलं होतं. माझ्या गाडीतून नेलेली माणसं आज हिंडूफिरू शकतात, हे मी चारचौघांत सांगतोही. सांगायचं नाही तर काय करायचं? दुधाने तोंड पोळलेली माणसं आम्ही. आमच्याकडे कुणाच्या हिरड्यांतून रक्त आलं तरी पहिला संशय फुरशावर जातो, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो.

वड्या बांधल्याला आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी गडग्यावरून काकीची हाक आली.

"दादा, वाईच इकडं या. हिच्या तोंडातनं रगत येतंय."

कुत्री पडवीत आडवी पडली होती. पुढचा उजवा पाय कोपरापासून खाली सुजून टम्म झाला होता. मी ओठ वर करून पाहिलं. हिरड्या पांढऱ्याफटक आणि दातांच्या कडेकडेने रक्त पाझरत होतं, पुसलं की पुन्हा येत होतं. पोटाच्या केस नसलेल्या भागावर काळेनिळे डाग. मी पायाचे केस बाजूला करून दातांच्या खुणा शोधल्या. सापडल्या नाहीत, पण केसांत त्या सापडत नाहीतच.

मला वाईट वाटलं. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, मला बरं वाटलं होतं, की मला हे समजतं. हे लिहायला लाज वाटते, पण तसं झालं खरं.

"फुरसं," मी म्हणालो.

काकीने कुत्रीच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला. "परवा पानांत तोंड घातलान तिनं," ती म्हणाली. "माझ्या पुढंच व्हती. कायतरी धरलान."

"तेव्हाच चावलं असणार. तोंडाला नाहीतर पायाला. चला, उशीर नको."

गोधडीत गुंडाळून तिला गाडीत घातलं. काकी मागे बसली, कुत्रीचं डोकं मांडीवर घेऊन. श्रीवर्धनचा रस्ता वळणावळणाचा, त्यात मी जोरात नेत होतो. मधेच आरशात पाहिलं तर काकी पदराने तिचं तोंड पुसत होती आणि पुसलेला पदर आत दुमडून घेत होती, माझ्या गाडीच्या सीटला लागू नये म्हणून.

गुरांच्या दवाखान्यात नव्याने बदली होऊन आलेल्या डॉक्टरीणबाई होत्या. लेकीच्या वयाच्या. त्यांनी हिरड्या पाहिल्या, पापणी ओढून डोळा पाहिला, पोट दाबलं. मग आमच्या दोघांकडे बघत विचारलं, "हिने काही खाल्लंय का? घरात, वाडीत उंदराचं औषध कुठे ठेवलंय का, हिच्या तोंडात येईल असं?"

प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणालो, "छे हो, तसलं काही नाही. फुरसं आहे. आमच्याकडे हे नेहमीचं."

हे मी खोटं बोललो नाही. वड्या मला आठवल्या, हेही तितकंच खरं. आठवल्या, आणि मी त्या बाजूला सारल्या. चाळीस फुटांवरचं औषध कुत्रीच्या तोंडात येत नाही, मग ते सांगून बाईंना उगाच भलत्या वाटेला कशाला लावा? डॉक्टरीणबाईंनी एकदा काकीकडे पाहिलं. तोवर मी त्यांना सूज, रक्त, पानांत घातलेलं तोंड हे सगळं क्रमाने सांगायला लागलो होतो. मी नीट सांगतो. सगळे तसं म्हणतात.

त्यांनी रक्त घेतलं आणि काचेच्या बाटलीत ठेवलं. वीस मिनिटं आम्ही तिघं त्या बाटलीकडे बघत बसलो. मग बाईंनी बाटली तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलं.

"बघा," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. त्यांच्याकडे लस नव्हती. मी चार ठिकाणी फोन लावले, एका ओळखीच्या खाजगी डॉक्टरांकडे मिळाली, ती आणायला स्वतः गेलो आणि दुपारी जेवणाच्या वेळेपर्यंत लस कुत्रीच्या शिरेत गेली. संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा गड्यापासून दुकानदारापर्यंत सगळे मला म्हणाले, कुत्र्यासाठी कोण करतं एवढं. मीही मनातून तेच म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी रक्त थांबायला हवं होतं. माणसांत थांबतं. ते नाकातूनही यायला लागलं. पुन्हा नेलं, पुन्हा लस दिली, सलाइन लावलं. शी काळी, डांबरासारखी झाली. ती श्वास घेताना आत काहीतरी खदखदल्याचा आवाज येत होता. काकी पडवीत तिच्याजवळ बसून होती, वाटीत पाणी आणि हातात फडकं. मी तिला म्हणालो, विष जास्त चढलंय, लस द्यायला उशीर झाला असेल, परवाच कळलं असतं तर. म्हणजे दोष द्यायचाच तर तो काकीच्या डोळ्यांवर गेला. हे मी तिच्या तोंडावर म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हं पडवीत आली तेव्हा कुत्री उठली. काकीला वाटलं बरं वाटतंय तिला. ती दोन पायऱ्या उतरली, तिसरीवर बसली आणि खोकली. खोकल्याबरोबर जे आलं ते सगळं रक्तच होतं. ती गेली तेव्हा मी गडगा ओलांडत होतो.

गड्याने आणि मी खड्डा खणला, काकीच्या वाडीच्या कडेला. वाळूची जमीन, खणायला वेळ लागला नाही. काकीने वाटीभर खडेमीठ आणलं आणि कुत्रीच्या अंगावर पसरलं, चेहरा सोडून. मग चेहऱ्यावरही टाकलं.

"माझ्या वाटचं तिनं घेतलान," ती म्हणाली.

हे वाक्य ती नंतर सगळ्यांना सांगायची. नवऱ्याला नेलं ते फुरसं तिच्यासाठी परत आलं होतं, पुढे कुत्री होती म्हणून ते तिच्यावर गेलं. भेटायला येणाऱ्या बायका हळहळायच्या, हात जोडायच्या. काकी रडायची, पण ते ऐकताना तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान असायचं. कुणीतरी आपल्यासाठी मेलं, यात मोठा आधार असतो म्हणतात. मी ऐकून घ्यायचो आणि मानही डोलवायचो.

आठवडाभराने मी वाडीतून चाललो होतो. सकाळचे नऊ-दहा वाजले असतील, लख्ख ऊन होतं. पाटाच्या कडेला, वाटेच्या अगदी मधोमध, एक उंदीर बसला होता. अंगावरचे केस फुलवून, थंडी वाजल्यासारखा. मी जवळ गेलो तरी हलला नाही. मी पाय आपटला. त्याने कूस बदलल्यासारखं केलं आणि पुन्हा तसाच बसला. त्याच्या नाकाशी रक्त होतं. समोरच्या वाळक्या पानावर दोन थेंब पडले होते, फिकट, पाण्यासारखे.

माडावरचा उंदीर खाली उतरत नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी वर बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. कुत्र्याला सोडा, आंधळ्या मांजरालाही तो उचलता आला असता.

मग घरात न जाता तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. विचारलं, उंदराने औषध खाल्लं आणि तो उंदीर कुत्र्याने खाल्ला, तर?

"एखादा खाल्ला तर कधी निभावतं," त्या म्हणाल्या. "रोज खाल्ले तर साठत जातं. चार-सहा दिवस काही दिसत नाही आणि मग रक्तस्राव. रक्त गोठतच नाही."

"फुरशासारखं?"

"बाहेरून तसंच दिसेल. पण त्यावर उतारा आहे. के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, मग काही आठवडे गोळ्या. वेळेत कळलं तर वाचतात हो बरीच कुत्री. कुणाचं आहे? घेऊन या लगेच."

"नाही, असंच," मी म्हणालो. "एकाने विचारलं म्हणून."

आवाजावरून त्यांनी मला ओळखलं असणार. मी फोन ठेवला.

त्याच दिवशी गड्याला बोलावून वड्या उतरवायला लावल्या. काही माडांवर नुसती सुतळी होती, कुरतडलेली. बाकीच्या वड्या अर्ध्यामुर्ध्या. त्याने त्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "हे काढलंत, पण पोटांत गेलंय ते कसं काढनार?" मग आपली दोरी खांद्यावर टाकून निघून गेला. मी पिशवी लांब, विहिरीपासून दूर, खोल पुरली. आणि मूग गिळून बसलो.

का बसलो? कारणं माझ्याकडे रांगेने तयार होती. सांगून कुत्री परत येणार आहे का? काकीला जो आधार मिळालाय तो काढून घ्यायचा हक्क मला काय? म्हातारीला आणखी दुःख कशाला? सगळी कारणं शहाण्या माणसाची होती आणि सगळी मला सोयीची होती. खरं म्हणजे मी भीत होतो. तिच्या रागाला नाही, तिला मी रागावलेलं कधी पाहिलेलंच नाही. आमच्या घराला तिनं एकदा सोडून दिलं होतं. दुसऱ्यांदा तिनं सोडून दिलं तर मी कुठल्या तोंडाने गडग्यापाशी उभा राहणार होतो?

तिकडे काकीने वाडीत जाणं टाकलं. विहिरीपर्यंतही भीत भीत जायची, काठी आपटत. सुपारी पडून राहायला लागली, पिकून, खाली कुजायला लागली. मुलगा फोनवर म्हणत होता, आता वाडी दे कुणाला तरी आणि मुंबईला चल. ती म्हणत होती, मला तिथं काय दिसणार आहे? मी जमेल तेवढी तिची सुपारी वेचून द्यायचो. ती म्हणायची, "तुम्ही हाय म्हनून हाय, दादा." मी वाकलेलाच राहायचो.

मग तिची बहीण तळा गावाहून आली आणि येताना एक पिल्लू घेऊन आली. काळं, पांढऱ्या पायांचं, दोन महिन्यांचं. काकी दोन दिवसांत बदलली. गडग्यावरून मला पिल्लू दाखवत म्हणाली, "हिलापन शिकवते. पानं हुंगायला शिकली की झालं." आणि पिल्लू तिच्या हातातून उतरून खरंच पानांत तोंड घालत होतं, शेपूट हलवत. मला त्याच सकाळी आणखी एक मेलेला उंदीर सापडला होता, काकीच्या बाजूला. माझ्या वड्या उतरल्या होत्या, पण त्यांचं काम अजून संपलं नव्हतं. शिवाय वरच्या आळीत दोघांनी माझं बघून वड्या आणल्या होत्या, आणि बांधायच्या कशा हे त्यांनी मलाच विचारलं होतं.

त्या दिवशी चारच्या सुमारास मी गेलो. गडगा ओलांडून नाही, रस्त्याने फिरून, बेड्याच्या फाटकातून. काकी पडवीत बसली होती, पिल्लू तिच्या मांडीत.

"काकी, फुरसं नव्हतं ते," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. वड्या कधी आणल्या, कुठे बांधल्या, विष भिनलं की उंदीर गुंगून खाली का उतरतो, रक्त का गोठत नाही, दोन्हींत सूज का येते, उतारा काय असतो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी हेही नीट सांगतोय, मुद्दे पाडून, आवाजाला योग्य तिथे उतार देऊन. मला माझीच शिसारी आली. तरी पुरं केलं. वरच्या आळीतल्या वड्यांचंही सांगितलं. पिल्लू बांधून ठेवा म्हणालो, निदान महिनाभर. चुकलो म्हणालो. ते मात्र एकदाच म्हणालो.

काकीने पिल्लाच्या कानांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे माझ्या वाटचं न्हवतं ते."

"नाही."

"उगाच मेली."

पिल्लाने तिचं बोट तोंडात धरलं, तिनं ते सोडवून घेतलं.

"त्या डाक्टरनीनं इचारलं व्हतं ना, उंदराच्या औषिधाचं?"

"हो."

"आनि मग माझ्याकडं बघितलंन."

"हो. पण काकी, मला वाटलं शेंड्यातलं औषध..."

"तुमचं न्हाय म्हनत मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती आठवून आठवून बोलत होती, एखादी हरवलेली वस्तू कुठे ठेवली होती ते शोधावं तशी. "त्या आठवड्यात तिनं रोज उंदीर आनलान, दादा. येक दिस तर दोन. वाटंवर आयते गावत व्हते. मला नवल वाटत व्हतं, हे पळत कसं न्हायत? आनि हिनं पडवीत बसून खाल्लान, मला दाखवून. मी शाब्बास म्हनायची. त्या बाईनं इचारलं हिनं काय खाल्लंय, तवा मी सांगनारच व्हते. तोंड उघडलं व्हतं मी." तिनं पिल्लाला जवळ ओढलं. "तुम्ही बोलाय लागलात. म्हनलं, यांना ठावं आसंल."

आत जाऊन ती पोहऱ्याची जुनी दोरी घेऊन आली. पिल्लाच्या गळ्यात सैल गाठ मारली, बोट घालून बघितली, आणि दुसरं टोक पडवीच्या खांबाला बांधलं. पिल्लाने ओढून पाहिलं, रडलं, मग तिच्या पायाशी येऊन बसलं. ती पण तिथेच बसली, वाडीकडे तोंड करून. संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता आणि तिला तिथून वाडी दिसत नव्हती.

मी समोर उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला काही सुचत नव्हतं, आणि आता माझ्या गप्प बसण्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.